न दिसणारा धूर



या व्यासपीठावरून आपण आजवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत अनेक थोर विषय ऐकले असतील. आज आम्ही आपल्याला न्हाणीघरात घेऊन जाणार आहोत. विषय घरगुती आहे. पण घरगुती म्हणून तो लहान नव्हे. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. कोणी अंघोळीला गेले, बराच वेळ बाहेर आले नाही, दार तोडावे लागले, आत गॅसचा गीझर चालू होता. बातमीच्या शेवटी पुष्कळदा ‘गॅसगळतीमुळे’ असा शब्द असतो. आपण हळहळतो, उठून आपल्या सिलिंडरच्या नळीजवळ नाक नेऊन पाहतो, वास येत नाही आणि आपण निश्चिंत होतो. या निश्चिंतपणात एक चूक आहे. ती कोणती, हे उलगडून सांगणे एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू.

आपल्या वाडवडिलांच्या घरी जेथे अग्नी होता तेथे धूर होता, आणि जेथे धूर होता तेथे त्याला बाहेर जायला वाट होती. कौलारू घरात तो कौलांच्या फटींतून जाई. देशावरच्या धाब्याच्या घरांना त्यासाठी वर सवणे ठेवीत. अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापे. त्या बंबाच्या पोटातून एक नळकांडे उभे वर गेलेले असे आणि बंब पेटवायचा तो परसात नाही तर उघड्या पडवीत, अशी रीत होती. ही रीत कोणी शास्त्र वाचून घातलेली नव्हती. धूर डोळ्यांना झोंबे, माणूस खोकून बेजार होई, म्हणून त्याची सोय करणे भाग पडे.

आम्ही चुलीचे गोडवे गात आहोत असा गैरसमज मात्र करून घेऊ नये. त्या धुराने आपल्या आयाबहिणींचे डोळे आणि फुप्फुसे पोळली आहेत. १९५५ च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस घरोघरी येऊ लागला आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो खेड्यापाड्यांत पोहोचला, हे उपकारच होत. पण या उपकाराबरोबर एक गोष्ट नकळत घडली. गॅस पेटवल्यावर डोळ्यांत काही जात नाही, भिंत काळी होत नाही, म्हणून आपण धुराची वाटच बुजवून टाकली. धूर दिसेनासा झाला, तेव्हा तो नाहीसाच झाला असे आपण धरून चाललो. वस्तुतः जे जळते त्याचा धूर होतोच. गॅसचा धूर दिसत नाही आणि त्याला वासही नाही, इतकेच.

येथे प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण आपल्या बोलण्यात त्या दोहोंनाही आपण ‘गॅस’ म्हणतो. एक, नळीतून किंवा शेगडीतून न जळता बाहेर पडलेला कच्चा गॅस. दुसरी, गॅस जळल्यावर ज्योतीतून निघणारे वायू. पहिल्याचे भय मुख्यतः आगीचे व स्फोटाचे. दुसऱ्याचे भय विषाचे. पहिला नाकाला कळतो. दुसरा कळत नाही. वर्तमानपत्रातली ती बातमी बहुधा दुसऱ्या प्रकारची असते, आणि आपण वास घेऊन तपासतो तो पहिला प्रकार.

कच्च्या गॅसला जो उग्र वास येतो तो त्याचा स्वतःचा नव्हे, हे ऐकून काहींना नवल वाटेल. सिलिंडरमधील गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण, आणि नळाने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. शुद्ध स्थितीत या तिघांनाही नाकाला जाणवेल असा वास नाही. १९३७ सालच्या मार्च महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन या गावी शाळेखालच्या पोकळीत असाच बिनवासाचा नैसर्गिक वायू साठत गेला. कोणाला काही कळले नाही. शाळा सुटायच्या सुमारास एक ठिणगी पडली आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक प्राणास मुकले. त्यानंतर तेथे गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा झाला. आज आपल्या सिलिंडरमध्ये एथिल मरकॅप्टन नावाचा गंधकयुक्त पदार्थ अगदी अल्प प्रमाणात घालतात. हवेत पेट घेण्याइतका गॅस साठण्याच्या पुष्कळ आधी, म्हणजे साधारण त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच, नाकाला वास यावा असा दंडक असतो. तो वास म्हणजे माणसाने गॅसच्या गळ्यात बांधलेली घंटा होय.

तथापि घंटा वाजते ती ऐकणाऱ्यासाठी. सर्दीने नाक चोंदलेले असले, वार्धक्याने घ्राणशक्ती मंदावली असली, तर वास कळत नाही. करोनाच्या साथीत कित्येकांचा वास गेला आणि काहींचा तो महिनोन्‌महिने परत आला नाही. शिवाय तोच वास सतत येत राहिला की नाकाला त्याची सवय होते आणि थोड्या वेळाने तो येईनासा होतो. म्हणून बाहेरून घरात आलेल्या माणसाने ‘वास येतोय’ म्हटले, तर घरात बसलेल्यांनी ‘आम्हाला नाही येत’ म्हणून त्याला गप्प करू नये.

गळतीचा संशय आला तर काय करावे? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. नळाचा गॅस हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा; तो वर चढून छताशी जमतो. दोन्ही बाबतींत पहिले काम रेग्युलेटर किंवा नळाची चावी बंद करणे, दुसरे काम दारे-खिडक्या उघडणे. विजेचे कोणतेही बटण दाबू नये. लावायचे नाही, तसेच चालू असलेले बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. गॅस बाहेर जावा म्हणून पंखा लावणारे लोक आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण बटणाची ठिणगी हेतू पाहत नाही. मग घराबाहेर येऊन सिलिंडरच्या गॅससाठी १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. गळती कोठे आहे हे शोधायचे ते साबणाच्या फेसाने. जोडावर फेस लावला की बुडबुडे येतात. काडी ओढून गळती शोधण्याचे शौर्य कोणी दाखवू नये. नळी प्रमाणित घ्यावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदलावी.

एवढे सांगून आम्ही आता मुख्य विषयाकडे वळतो.

गॅस पूर्ण जळला तर त्यापासून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. पूर्ण जळायला भरपूर प्राणवायू लागतो. तो अपुरा पडला, किंवा बर्नर काजळीने भरला, की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळ्यांना किंवा घशाला चुरचुर नाही. मरकॅप्टनचा वासही येथे कामाला येत नाही, कारण ज्योतीत तोही जळून गेलेला असतो. म्हणजे कच्च्या गॅसच्या गळ्यातली घंटा ज्योतीपाशीच गळून पडते.

आता थोडा हिशेब करू. न्हाणीघर पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच धरा. त्यात २८० घनफूट, म्हणजे सुमारे ८ घनमीटर हवा मावते. गीझर मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो असे धरा. त्यासाठी मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅस जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते; तेव्हा १६ ग्रॅमला सुमारे २०० लिटर. दहा मिनिटांत २ घनमीटर, म्हणजे त्या खोलीतल्या हवेचा चौथा हिस्सा झाला. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू वापरतो. आमचा हा गीझर मिनिटाला सुमारे ४० लिटर वापरतो. या मंडपातल्या पुढच्या काही रांगांतली दीडशे माणसे आपल्याबरोबर न्हाणीघरात कोंडून घ्यावीत आणि मग आपण अंघोळ करावी, तसा हा प्रकार आहे.

खोली अगदी बंद असेल तर दहा मिनिटांत हवेतला प्राणवायू शेकडा २१ वरून १६ च्या आसपास येईल. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून रोज अपघात होत नाहीत. पण एकामागून एक चारजण अंघोळीला गेले, तर चौथ्याच्या वाट्याला कोणती हवा येते याचा विचार करावा. ज्योतीला प्राणवायू कमी पडू लागला की ती विझत नाही. विझली असती तर बरे झाले असते. ती जळतच राहते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो.

हा वायू शरीरात काय करतो? आपल्या रक्तातील हीमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलून अवयवांना पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. टांग्यात आधीच कोणी ठाण मांडून बसावे आणि उतरूच नये, म्हणजे खरा उतारू रस्त्यावरच राहतो, तसे होते. हवेत हजारात एक भाग इतका हा वायू असला, तरी पुरेशा वेळाने निम्म्याच्या वर हीमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी या विषाचे मर्म दाखवून दिले. पुढे १८९५ च्या सुमारास जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून, आपले रक्त तपासत, कोणत्या प्रमाणाला काय होते याची नोंद केली.

त्याची पहिली लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, गरगरते, पायांतले बळ जाते. पित्त झाले असेल, उपास बाधला असेल, असे आपण म्हणतो. विख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा १९०२ सालच्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या राहत्या घरी अंत झाला तो याच वायूने. शयनगृहातल्या शेगडीचे धुराडे वाहत नव्हते. रात्री त्यांना व त्यांच्या पत्नीला अस्वस्थ वाटले, तेव्हा खाण्यात काही आले असावे, असा त्यांचा समज झाला. सकाळी झोला मृत आणि पत्नी बेशुद्ध अशी आढळली; ती पुढे वाचली. आपल्याकडेही गीझर चालू असलेल्या न्हाणीघरातून बेशुद्ध स्थितीत, कधी झटके आलेले, रुग्ण इस्पितळात येतात आणि काहींवर अपस्माराचा शिक्का बसतो. भारतीय डॉक्टरांच्या लेखनात या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच पडले आहे.

आणखी एक फसवणूक सांगितली पाहिजे. करोनाच्या काळात घरोघर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. ते साधे यंत्र हीमोग्लोबिनवर प्राणवायू बसला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा भेद ओळखू शकत नाही. माणूस विषाने व्याकूळ असताना ते खुशाल ९८ दाखवील. त्यावर विसंबू नये.

येथे आमच्याच घरची गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या न्हाणीघरात गीझर बसवणाऱ्या गृहस्थाने तो आतच बसवला. नळ जवळ पडतो आणि वर खिडकी आहेच, असे त्याचे म्हणणे पडले आणि आम्ही मान डोलावली. पहिल्या थंडीत वारा लागतो म्हणून आम्हीच त्या खिडकीला पुठ्ठा लावला. पुढे काही दिवस घरात अंघोळीनंतर कोणाचे ना कोणाचे डोके दुखे. आम्ही त्यावर सुंठ उगाळून लावत होतो! एका सकाळी आमची सून अंघोळीहून बाहेर आली ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. तिला अंगणात आणले, वारा लागला, तशी ती तासाभरात सावरली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गीझर कोठे आहे?” त्या दिवशी काही विपरीत घडले नाही, यात आमची हुशारी नव्हती. पुठ्ठा आमच्याच हातांनी लावलेला होता. आज या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला असेल तर त्या पुठ्ठ्याने.

जुन्या घरातही एक बिनधुराची आग होती, तिची आठवण येथे करून देतो. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी ठेवीत आणि ओवा, बाळंतशेपा यांची धुरी देत. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे आता ते निर्धोक झाले, अशी समजूत असे. खरे पाहता रसरसलेला कोळसा हा कार्बन मोनॉक्साइडचा मोठा झरा आहे. ऊब हवी असेल तर ती द्यावी, पण बंद खोलीत निखारे ठेवून नव्हे. गर्भिणीने तर याबाबत दुप्पट जपावे, कारण पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही अधिक बाधतो. थंड हवेच्या गावी सहलीला गेल्यावर खोलीत शेगडी घेऊन झोपणाऱ्यांनाही हेच सांगणे.

मग जे नाकाला कळत नाही ते ओळखायचे कसे? हॉल्डेन यांनी खाणकामगारांना उपाय सुचवला की बरोबर लहान पक्षी न्यावा. कॅनरी पक्ष्याचा श्वासोच्छ्वास जलद, म्हणून माणसाच्या आधी तो कोसळे आणि माणसे परत फिरत. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. आज त्या पक्ष्याचे काम छोटे विजेचे यंत्र करते. अमेरिकेतील दंडकाप्रमाणे हवेत दहा लाखांत ७० भाग वायू असला तर ते एक ते चार तासांत ओरडते. ४०० भाग असला तर चार ते पंधरा मिनिटांत.

यंत्र घेताना मात्र एक घोटाळा टाळावा. बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे मिळते ते पुष्कळदा कच्च्या गॅसचे असते. ते कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र कच्चा गॅस ओळखत नाही. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. जागाही निराळ्या. सिलिंडरच्या गॅसचे यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर, नळाच्या गॅसचे छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड हवेच्या जवळजवळ सारख्याच वजनाचा असून तिच्यात मिसळून जातो. म्हणून त्याचे यंत्र माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, झोपण्याच्या खोलीजवळ लावतात. या यंत्रांनाही आयुष्य असते. मुदत संपलेले यंत्र भिंतीवर ठेवणे म्हणजे पिंजऱ्यात मेलेला पक्षी ठेवणे होय.

तरीही यंत्र हा दुसरा उपाय. पहिला उपाय हवा. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या सज्जात बसवावा आणि गरम पाणी तेवढे नळीने आत आणावे. इमारतीच्या अरुंद चौकात तो टांगून त्याचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीत सोडू नये. धुराडे असलेला गीझर असेल तर ते थेट उघड्यावर न्यावे. खोलीत खाली हवा आत येण्याची आणि वर बाहेर जाण्याची, अशा दोन्ही वाटा हव्यात. नुसता बाहेर फेकणारा पंखा पुरत नाही. आत येणारी वाट नसेल तर तो धुराड्यातला धूरच मागे ओढतो. ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली, काजळी धरू लागली, तर बर्नर साफ करून घ्यावा. मात्र निळी ज्योत दिसली म्हणून खिडकी लावू नये. थंड देशांत धुराडे नसलेले गॅसचे हीटर मिळतात. प्राणवायू शेकडा १८ च्या आसपास उतरला की ते आपोआप बंद व्हावेत अशी योजना त्यांत असते. असे असूनही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने राहत्या घरांत ते वापरण्यास मनाई केली आहे. त्यावरून काय तो बोध घ्यावा.

आणि वेळ आलीच तर? दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा. न्हाणीघराची कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. दार तोडण्यात जी मिनिटे जातात तीच जीवघेणी ठरतात. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला इस्पितळात न्यावे आणि ‘गीझर चालू होता’ हे वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. काहींना बरे वाटल्यानंतर दिवसांनी किंवा आठवड्यांनी स्मृतिभ्रंश, चालीत मंदपणा असे विकार उद्भवतात, म्हणून ‘आता काही नाही’ असे म्हणून हा प्रसंग विसरू नये.

श्रोतेहो, शास्त्राची मोठी तत्त्वे प्रयोगशाळेत राहतात, पण त्यांची किंमत मोजावी लागते ती घरात. आपल्या आजीला रसायनशास्त्र येत नव्हते, तरी तिने बंब परसात ठेवला होता, कारण धूर तिच्या डोळ्यांत जाई. आता तो डोळ्यांत जात नाही, म्हणून आपल्याला तो बुद्धीने पाहावा लागेल. आज घरी गेल्यावर एवढेच करावे. न्हाणीघराच्या खिडकीला आपण काही लावले आहे काय ते पाहावे, आणि असल्यास ते झोपण्यापूर्वी काढून टाकावे. इतके झाले तर आपण आमचे व्याख्यान ऐकले, असे आम्ही समजू.